दात खाणाऱ्या माणसाचा ब्रिज

त्या लॅबमध्ये तिला तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘कानसबाई’. दिवसभर तिच्या हातात बारीक कानस असायची, हे सांगायचं कारण. खरं कारण तिची जीभ. एकतीस वर्षं ती लोकांच्या तोंडात बसणाऱ्या कॅपा, ब्रिज आणि कवळ्या घडवत होती. एवढ्या वर्षांत दातांचे डॉक्टर या जमातीबद्दल एक बरा शब्द तिच्या मनात जमा झाला नव्हता.

“दात त्यांना कुठं बनवता येतात?” ती म्हणायची. “ते खड्डे खणतात. रस्त्यावरचे खणतात तसेच. फक्त हे पांढरे कोट घालून खणतात आणि खड्डा वाकडा झाला की फोन आपल्याला.”

लॅब चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. जिन्याच्या कठड्यापासून कॅलेंडरपर्यंत सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड बसलेली. तिचं टेबल खिडकीशी, टेबलावर मेणाच्या सुऱ्या, दात कुठं टेकतात ते दाखवणाऱ्या निळ्या कागदाच्या पट्ट्या आणि प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले. त्या जबड्यांना ती नावं ठेवायची. हा हावरट, हा आळशी, ही एकाच बाजूनं चावणारी. माणूस न बघता तोंडावरून माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ओळखलेल्यापैकी फारसं कुणी तिला पसंत पडत नसे.

चार वर्षांपूर्वी मालकानं मोठं मशीन आणलं. त्यात झिर्कोनियाची पांढरी वडी लावली की ते दात कोरून काढी. झिर्कोनिया म्हणजे चिनी मातीच्या गोतावळ्यातला, पण भलता कडक पदार्थ. मालक त्या मशीनसमोर देवापुढे राहावं तसा उभा राहायचा. “बाई, फुटायचं नावच नाही. तोंड मोडेल, पण दात मोडणार नाही.”

“तोंड मोडेल हे बरोबर बोललात,” बाई म्हणाली.

मशीननं कोरलेल्या दातावर शेवटचा हात मात्र तिचाच फिरे. खाचा, उतार, चकाकी सगळं. मशीनला दात कोरता येत होते, पण चावतात कसं ते ठाऊक नव्हतं.

लॅबचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक डॉक्टर. बाईनं त्याचं नाव ‘चकचकीत’ ठेवलं होतं. त्याचा दवाखाना काचेचा, आत माशांची पेटी, आणि भिंतीवर फलक: ‘आयुष्यभराचे दात. हिऱ्यासारखे कडक.’ तो फलक मालकानं कौतुकानं फोटो काढून दाखवला, तेव्हा बाईनं चष्मा कपाळावर चढवून तो वाचला.

“हिरा पोटात गेला की माणूस मरतो म्हणे,” ती म्हणाली. “तेवढं लिहायचं राहिलं.”

या चकचकीतशी ती एकदाच बोलली होती. सहा वर्षांपूर्वी त्याच्याकडून आलेल्या जबड्यात तिला खोट दिसली, म्हणून तिनं आपणहून फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, मेण तुमचं, पेशंट माझा. आपण आपापलं बघू.” त्या दिवसापासून तिनं कुठल्याच डॉक्टरला फोन केला नाही. चिठ्ठीवर जे लिहिलं असेल ते, जसंच्या तसं, तसूभर चूक न करता बनवून द्यायचं. चिठ्ठी मूर्खपणाची असली तर तो मूर्खपणाही देखणा करून द्यायचा. तिच्या लेखी त्यांचा याहून मोठा अपमान नव्हता. त्यांना तो कधी कळला नाही, ही गोष्ट वेगळी.

दातांचं सामान विकणारे एक मवाळ गृहस्थ अधूनमधून लॅबमध्ये यायचे, बाई त्यांना ‘मालविक्या’ म्हणायची. एकदा त्यांनी पिशवीतून मळकट राखाडी रंगाच्या दोन वड्या काढल्या. “बाई, हे नवीन आहे. धक्का पचवणारं. हाडात स्क्रू बसवून त्यावर जे दात करतो ना, त्यांच्यासाठी. सांगाडा याचा करायचा आणि वरून दाताच्या रंगाचा रेझिनचा थर द्यायचा. खऱ्या दाताच्या मुळाभोवती कशी बारीक तंतूंची गादी असते...”

“दाताखाली काय असतं ते मला शिकवता?”

“नाही, तसं नाही. पण स्क्रूखाली गादी नसते. स्क्रू थेट हाडाला धरतो. मग चावताना बसणारा दणका...”

“प्लॅस्टिकच ना हे शेवटी?”

“म्हणजे, जात ती, पण...”

“मग बादल्या करा. तोटी गळत असेल तर दातांपेक्षा बादलीचा उपयोग जास्त.”

ते गृहस्थ कसनुसे हसले, नमुन्याच्या वड्या टेबलावर ठेवून गेले. बाईनं त्यातली एक वडी प्लास्टर हलवायच्या यंत्राच्या पायाखाली सरकवली, कारण ते यंत्र सुरू झालं की सगळं टेबल थडथडायचं. वडी घातल्यावर थडथड थांबली. यावरून काही डोक्यात यायला हवं होतं, पण बाईला त्या दिवशी आपल्या विनोदाचंच कौतुक होतं.

पुढं एका गुरुवारी चकचकीतकडून एक काम आलं. खालच्या जबड्यात डावीकडे दोन स्क्रू, त्यावर तीन दाढांचा ब्रिज. चिठ्ठीवर पेशंटचं नाव नाही, नंबर फक्त. ‘पदार्थ: सर्वांत कडक.’ खाली छापील ओळ होती, ‘दात खाण्याची सवय आहे काय?’ तिच्यापुढचे दोन्ही चौकोन कोरे.

बाईनं प्लास्टरचा जबडा उजेडात धरला. एका नजरेत कळलं. उरलेल्या दाढांचे उंचवटे पार झिजून सपाट झाले होते, परातीसारखे. पुढच्या दातांच्या कडा घासून एका रेषेत आलेल्या. हा माणूस झोपेत वर्षानुवर्षं दात खात होता, आणि जागेपणीही कुणावर तरी दातओठ खात असणार. असल्या तोंडात, गादी नसलेल्या स्क्रूवर, सगळ्यात कडक पदार्थ ठेवायचा म्हणजे दर रात्री हातोडा आणि ऐरणच. ब्रिजला काही होणार नाही. होईल ते वरच्या दाढेला, स्क्रूला, नाहीतर हाडाला.

फोन हाताच्या अंतरावर होता.

“मेण आमचं, पेशंट तुमचा,” बाई पुटपुटली. “घ्या हिरा.” आणि तिनं तो ब्रिज बनवला. मधल्या दाढेवरची खाच तिनं तिच्या सवयीप्रमाणे जिभेच्या बाजूला किंचित वळवली. आरशासारखी चकाकी आणली. शनिवारी डबी गेली. इतका सुबक ब्रिज त्या महिन्यात लॅबमधून दुसरा गेला नसेल.

तीन-साडेतीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, तिचा थोरला भाऊ दारात उभा राहिला. गाल सुजलेला, तोंडाला रुमाल.

हा भाऊ म्हणजे बेअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेला तपासनीस. पोलादाचा कडकपणा तपासण्यात त्याची चौतीस वर्षं गेली होती. त्यामुळे जगात पास आणि नापास अशा दोनच गोष्टी असतात, असा त्याचा समज होता. बायको वारल्यापासून तो एकटा राहायचा आणि शेजाऱ्यांना, पेपरवाल्याला, हवामानाला नापास करायचा. बहिणीच्या कामाला तो “तोंडातली उष्टी खरकटी” म्हणत असे. ती त्याच्या कारखान्याला “गोट्या खेळायची जागा” म्हणत असे. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण ते बोलून दाखवायची वेळ कुणी कुणावर येऊ दिली नव्हती.

“काय झालं रे दादा?”

“दाढ काढली. वरची. अक्रोडासारखी उभी चिरली.” तो खुर्चीत बसला. “खाली नवीन ब्रिज बसवला होता. दोनदा स्क्रू सैल झाला, तो आवळला. मग एका सकाळी उठलो तर वरची दाढ दोन तुकडे. आता खालीही सूज आलीय. डॉक्टरनं ब्रिज काढून हातात दिला.”

“ब्रिज कधी बसवलास? मला बोलला नाहीस.”

“तुला बोललो असतो तर डॉक्टरपासून त्याच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांची सालं काढली असतीस. मला दात बसवायचे होते, तुझं प्रवचन ऐकायचं नव्हतं.”

“काय म्हणाला डॉक्टर?”

“म्हणाला, लॅबनं उंची जास्त ठेवली. कुणीतरी अडाणी बसवलेत म्हणे तिथं.” त्यानं खिशातून प्लॅस्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली.

बाईनं झाकण उघडलं. ब्रिजला चराही पडला नव्हता. मधल्या दाढेवरची खाच जिभेच्या बाजूला किंचित वळली होती.

तिनं झाकण लावलं. चहा टाकते म्हणून ती आत गेली. तिला राग यायचा तर डॉक्टरचा यायला हवा होता, तो आलाही. पण त्याच्यामागून आणखी एक आला, आणि त्याचं तोंड तिच्याकडेच होतं. परातीसारख्या दाढा तिनं पाहिल्या होत्या. लहानपणी शेजारच्या अंथरुणात दात कराकरा वाजायचे, तेव्हा आई म्हणायची, याच्या पोटात जंत झालेत. त्याच कराकरा आवाजानं त्या दाढा झिजल्या होत्या. एकतीस वर्षं तोंडावरून माणूस ओळखायची फुशारकी मारली, आणि सख्खा भाऊ हातात आला तेव्हा ओळखला नाही.

 चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून ती म्हणाली, “उद्या लॅबमध्ये ये. तुझी ती काचेची नळी घेऊन ये.”

नळी म्हणजे त्याचा मानबिंदू. कारखान्यात कडकपणा बघायचं जुनं साधन. उभ्या काचेच्या नळीतून छोटं वजन सोडायचं आणि ते किती उसळतं ते मोजायचं. जास्त उसळलं की पोलाद पास. साधन कारखान्यात राहिलं, पण त्यानं तसंच एक घरी बनवून ठेवलं होतं. वजनाच्या जागी बेअरिंगची गोळी होती आणि नळीवर शाईनं केलेल्या खुणा. आल्यागेल्याला तो ते दाखवी.

सोमवारी तो आला. बाईनं झिर्कोनियाची वडी नळीखाली ठेवली. “सोड.”

गोळी टण्णकन आपटली आणि उसळून अर्ध्याच्याही वर गेली. भावाचा सुजलेला गाल अभिमानानं आणखी फुगला. “पास. एक नंबर. हेच मी डॉक्टरला म्हणालो, सगळ्यात कडक असेल ते दे.”

“तू म्हणालास?”

“मग? कडक ते टिकाऊ.”

बाईनं यंत्राच्या पायाखालची राखाडी वडी काढली, पदराला पुसली आणि नळीखाली ठेवली. बाजूला टेबल थडथडायला लागलं, तसं तिनं यंत्राचं बटण बंद केलं. गोळी खाली गेली. ठप्प असा बसका आवाज आला. जेमतेम दोन खुणा वर येऊन ती गपगार पडली.

“नापास,” भाऊ म्हणाला. “भंगार आहे हे.”

“दादा, तू बेअरिंग चावतोस का?”

“म्हणजे?”

“गोळीची उसळी कुठं गेली? इथं ती परत वर आली. त्यानं काही घेतलंच नाही, सगळा मार परत केला. तुझ्या तोंडात तो मार वरच्या दाढेला बसला, तिची झाली शकलं. उरलेला स्क्रूतून हाडात उतरला. आणि या भंगारानं निम्म्याहून जास्त दणका स्वतः गिळला. खऱ्या दाताखाली गादी असते, ती हे काम करते. स्क्रूखाली ती नाही. मग गादी कुठंतरी वर घालायला नको?”

त्यानं पुन्हा गोळी सोडली. मग पुन्हा. चौतीस वर्षं त्यानं त्या नळीत गोळी वर किती येते एवढंच पाहिलं होतं. सहाव्या वेळी तो हळू आवाजात म्हणाला, “आणि हे त्या लॅबवाल्या माठाला कळलं नाही?”

“कळलं होतं,” बाई म्हणाली.

“तुला काय माहीत?”

“तो माठ मीच आहे. ब्रिज माझ्या हातचा आहे. हा माणूस दात खातो हे मला पहिल्या मिनिटात दिसलं होतं. डॉक्टरची खोड मोडायची म्हणून गप्प बसले. तुझं नाव नव्हतं चिठ्ठीवर.”

भावानं तिच्याकडे पाहिलं. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं नळी रुमालात गुंडाळली. दाराशी गेल्यावर म्हणाला, “आणि नाव नसलेल्याची दाढ फुटलेली चालते होय तुला?”



दुसऱ्या दिवशी मालकाला न विचारता ती चकचकीतच्या दवाखान्यात गेली. भावाला तिनं आधी फोन केला होता. तो तिच्या आधी येऊन माशांच्या पेटीपुढे बसला होता. बहिणीशी बोलला नाही, पण तिच्याबरोबर आत आला.

“हां, तुम्ही लॅबच्या का?” डॉक्टर म्हणाला. “उंचीचा प्रश्न झालाय तुमच्याकडून.”

“निळा कागद आणा,” बाई म्हणाली. “प्लास्टरच्या जबड्यावर ब्रिज ठेवा आणि दाखवा उंची. माझ्यासमोर.”

डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. “इतक्या तपशिलात जायची गरज नाही.”

“चिठ्ठीवर दात खाण्याचा चौकोन कोरा होता.”

“पेशंटनं सांगितलं नाही.”

“पेशंट झोपेत असतो तेव्हा!” बाईचा आवाज चढला. “तो काय स्वतःचा पहारा करत बसणार? दाढा बघायच्या असतात. तोंड उघडलंच होतं ना त्यांनी? का ते फक्त फलक वाचायला आले होते?”

मदतनीस मुलगी हातातला ट्रे धरून तशीच थिजली. बाईनं दम घेतला. “मलाही दिसलं होतं. मी फोन केला नाही. ती चूक माझी, ती मी यांना सांगितलीय. आता नवीन ब्रिज मी बनवते. सांगाडा धक्का पचवणाऱ्या पदार्थाचा, वर रेझिन. सूज उतरली आणि स्क्रू पक्के निघाले की तुम्ही बसवा. आणि झोपताना दातांवर चढवायला एक पट्टी.”

“प्लॅस्टिकचे दात मी माझ्या दवाखान्यात बसवत नाही.”

तेव्हा भाऊ पहिल्यांदा बोलला. “मग जुन्यामुळे दाढ का फुटली, ते सहीनिशी लिहून द्या. चौतीस वर्षं मी असले कागद लिहिलेत. त्यात ‘उंची’ असा शब्द चालत नाही. किती उंची, ते आकड्यात लागतं.”

चकचकीतनं पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. “बनवा,” तो म्हणाला. “पण जबाबदारी तुमची.”

“तुमची कधी होती?” म्हणून बाई उठली.

महिन्याभरानं सूज उतरली, हाडाचे फोटो निघाले, स्क्रू शाबूत होते. बाईनं मालविक्यांना बोलावलं. ते बिचकतच जिना चढले. तिनं त्यांना खुर्ची दिली, ही त्या लॅबमधली पहिलीच वेळ, आणि म्हणाली, “बादलीचं मी बोलले ते परत घेते. आता नीट सांगा, वरचा थर सुटू नये म्हणून काय करायचं?” त्यांनी सांगितलं: सांगाड्याला बारीक वाळूचा मारा करून खरखरीत करायचा, मग चिकटवणारा द्रव, मग पातळ पातळ थर. पहिला ब्रिज तिच्या हातून बिघडला. दुसऱ्याचा थर कडेला सुटला. तिसरा जमला. दाढांचे उतार तिनं मुद्दाम उथळ ठेवले. घासणारा माणूस त्यांत अडकून जोर लावणार नाही, असे.

बसवल्यावर भाऊ आठवड्यानं आला आणि पहिलं वाक्य बोलला, “आवाजच येत नाही चावताना. काही खाल्लंय असं वाटत नाही.”

“टोस्ट खातोस की लढाई करतोस?”

“दुखत मात्र नाही,” तो नाइलाजानं म्हणाला.

तिनं त्याला तेव्हाच बजावलं होतं, हे झिजणार. तू घासशील, ते झिजेल. तुझ्या हाडापेक्षा ते झिजलेलं परवडलं. तसंच झालं. दोन वर्षांत वरचा थर अर्धाअधिक घासला गेला, चहानं पिवळटही पडला. चकचकीतनं ब्रिज काढून पाठवला, तिनं नवा थर चढवून परत दिला. स्क्रू एकदाही सैल झाला नाही. त्यानंतर वर्षभरानं त्याच पदार्थाच्या नावानं दवाखान्यात नवा फलक लागला: ‘शॉकप्रूफ दात, आता आयुष्यभर.’ मालकानं याही फलकाचा फोटो आणला.

“गाढव ते गाढवच,” बाई म्हणाली. “झिजतात म्हणून सांगितलं, तर तेवढंच ऐकलं नाही.” पण या वेळी तिनं फोन उचलला, आणि ‘आयुष्यभर’ हा शब्द पुसायला चकचकीतला चार दिवस रोज सकाळी साडेनऊला सांगत राहिली. पाचव्या दिवशी त्यानं तो पुसला. फोन करणं आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. नंबराच्या माणसासाठीही. डॉक्टर तिला टरकायचे, पाठीमागे शिव्या द्यायचे, दोघांनी लॅब बदलली. मालक कुरकुरला. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

वरच्या दाढेची जागा रिकामीच राहिली. भाऊ पुन्हा स्क्रूला तयार होईना. कुणी ओळखीचं भेटलं की तो गाल बोटानं ओढून आधी खालचा ब्रिज दाखवतो, मग वरची फट.

“हे बहिणीनं केलं,” तो म्हणतो, “आणि हेही.”

बाई शेजारीच असली तरी तो हे बोलायचा थांबत नाही, आणि ती त्याला एका शब्दानं अडवत नाही.